टाकीतला सुस्कारा

॥ श्री वीरेश्वर प्रसन्न ॥

मुक्काम पोलादपूर,
कार्तिक वद्य ५, शके १८५५

तीर्थस्वरूप नाथूदाजी यांच्या चरणी मेहुणा सदू याचा नमस्कार. हात जोडूनच केला आहे असे समजावे. प्रत्यक्षात एका हाताला पेट्रोल आणि दुसऱ्याला शेंदूर लागलेला असल्यामुळे कागदाला जपून लिहीत आहे. इकडे सर्व क्षेम आहे असे लिहिण्याची रीत आहे आणि रीत मोडण्याइतका मी मोठा माणूस नाही, तेव्हा क्षेम आहे. आवडीताईची कंबर आता कशी आहे? आईने तिच्यासाठी निरगुडीचा पाला वाळवून ठेवला आहे आणि तो शेकायचा कसा हे ती रोज मलाच समजावून सांगते, जशी काही माझीच कंबर धरली आहे. तुमचा खोकला गेला असेल. गेला नसेल तर कारखान्यात मोटारींच्या पोटाखाली उताणे पडून राहणे जरा कमी करा. फिटर माणसाने अधूनमधून आकाशही बघावे.

पत्रास कारण, एक झाकण हवे आहे. पेट्रोलच्या टाकीचे, पितळी, फिरकीचे, मधोमध वारा जायला बारीक भोक असलेले. भोक आहे ना, हे डोळ्यांसमोर धरून आरपार उजेड बघून मगच घ्या. (का, ते पुढे येईल.) आणि जाता जाता एक विचारतो: श्रावणात तुम्ही जी जुनी टाकी पाठवलीत ती कुठल्या मोटारीची, कोणी काढून दिली, आणि त्या माणसाचे सध्या कसे काय चालले आहे? उत्तराची घाई नाही. लवकर दिलेत तरी चालेल.

आमची उतारूंची मोटार तुम्हाला ठाऊक आहे. अमेरिकेहून आलेली, उंच चाकांची, काळी, आणि आता सोळा वर्षांची. माणसात सोळाव्या वर्षी लग्नाचे बघतात, मोटारीत तेराव्याचे. तसल्या गाड्या करणे तिकडच्या लोकांनी केव्हाच सोडून दिले, त्यामुळे एखादा भाग मागायला गेलो की दुकानदार माझ्याकडे असे बघतो, जणू मी पणजोबांसाठी कवळी मागतो आहे. पंख्याच्या पट्ट्याच्या जागी मी घोड्याच्या खोगिराचा तंग लावला. दिव्याच्या काचेच्या जागी बरणीचा तळ कापून बसवला. पण टाकीला काही तोड सापडेना. या गाडीची टाकी पुढल्या बैठकीच्या गादीखाली असते, म्हणजे पेट्रोलवर बसूनच गाडी हाकायची. ती टाकी खालून कुजली. भोकावर मी साबण चोळून बसवला (हा उपाय तुमचाच, आणि खरोखर लागू पडतो), पण आईला वाटले की कोणी वेंधळ्याने साबणाची वडी मोटारीला चिकटवून ठेवली आहे, आणि तिने ती काढून धुणे धुतले. पोलादपुरापासून महाडापर्यंत पेट्रोलची रेघ गेली. वाटेत एकाही माणसाने विडीचे थोटूक टाकले नाही, म्हणून आज हे पत्र लिहायला मी शिल्लक आहे.

मग तुमची टाकी आली. आगबोटीने बाणकोट, तिथून मचव्यातून सावित्री नदीने वर महाड. गोणपाटात शिवलेली, भोवती पेंढा. मापाला तंतोतंत, कुठे पोचा नाही, गंज नाही. सोन्यासारखी वस्तू दिलीत असे मी तेव्हाच लिहिले होते. ते मी मागे घेत नाही. पण सोने पाठवताना ते कोणाच्या अंगावरचे आहे हे सांगण्याची पद्धत असती तर बरे झाले असते.

पाऊस उघडला आणि दसऱ्याला गाडी बाहेर काढली. आमचा ड्रायव्हर हैबती मूळचा बैलगाडीवाला. चढण आली की तो अजून जिभेने टकटक करतो आणि मोटारीच्या दाराला कासरा समजून ओढतो. हत्यारांच्या पूजेला त्याने तेलात कालवलेला शेंदूर वाटीभर घेतला आणि दिव्यांना, चाकांना, भोंग्याला, टाकीच्या झाकणाला, आणि थोडा उरला म्हणून माझ्या कपाळाला, असा सढळ हाताने लावला. नारळ फोडला. मोटारीने पहिल्याच फेऱ्याला सूर धरला. मला वाटले, यंदा देव आपल्याकडे लक्ष देऊन आहे.

आता घाटाचे ऐका. आंबेनळीचा घाट लागून तीनेक मैल झाले की एक वळण आहे. एका अंगाला कातळ, दुसऱ्या अंगाला दरी, आणि कडेला शेवाळलेला एक उभा दगड. रीत अशी की जाणाऱ्याने झाडाची एक डहाळी मोडून त्या दगडापुढे टाकायची आणि मग पाऊल उचलायचे. पायी जाणारे टाकतात, बैलगाडीवाले टाकतात. मोटारवाले टाकत नाहीत, कारण मोटार चढणीवर उभी केली तर पुन्हा निघेल याची शाश्वती नसते आणि देवालाही हे कळत असेल असे आम्ही धरून चालतो.

दसऱ्यानंतर तिसऱ्या दिवशी, सकाळी नऊच्या सुमारास, त्या दगडासमोर मोटार बंद पडली. आचके दिले नाहीत, बार काढले नाहीत. बोलता बोलता माणसाचा डोळा लागावा तशी गप्प झाली. धुके इतके की गाडीत बसल्या जागेवरून पुढचे दिवे दिसेनात. मोटारीचा खडखडाट थांबल्यावर घाट किती मुका असतो हे मला तोवर माहीत नव्हते. नऊ माणसे होती (जागा पाचांची आहे, पण ते तुम्ही मनात ठेवा), तीही श्वास धरून बसली. मी सगळ्यांना खाली उतरवले, गादी उचलली आणि पेट्रोल संपले की काय ते बघावे म्हणून टाकीचे झाकण फिरवले. दाजी, टाकीने सुस्कारा टाकला.

बारीकसा नव्हे. लांब, दमलेला, पुरुषमाणसाचा सुस्कारा. (श्वास आत घेतला की बाहेर सोडला, यावर हैबतीचे आणि माझे अजून एकमत नाही. तो कान लावायला जवळ नव्हता. तो गाडीखाली होता, आणि दुरुस्तीसाठी नव्हता.) मी वेताची काडी बुडवून पाहिली तर पेट्रोल अर्ध्याच्या वर. आणि काडी हातात घेऊन मी उभा आहे, तोच धुक्यातून एक म्हातारी आली. डोक्यावर घोंगडीची खोळ, छातीशी फडक्यात बांधलेले काहीतरी. पावलांचा आवाज नाही. ती एकेका पुरुषापुढे वीतभर अंतरावर उभी राहायची, तोंड न्याहाळायची, आणि म्हणायची, “ह्यो नाय.” मग पुढच्यापुढे. “ह्यो नाय.” शेवटी माझ्याकडे आली, माझ्या हनुवटीला बोट लावून तोंड उजेडाकडे वळवले आणि म्हणाली, “ह्यो पन नाय.” आणि धुक्यात परत गेली. तिचे बोट थंड होते, एवढे मात्र मी शपथेवर सांगेन.

हैबतीने डहाळी मोडली नाही, अख्खी फांदी मोडली आणि दगडापुढे आडवा झाला. मी हँडल मारले. एका फेऱ्यात गाडी सुरू. मी मनाशी म्हटले, योगायोग. दुसऱ्या दिवशी तोच दगड, तोच सुस्कारा, तीच म्हातारी, तेच “ह्यो नाय”. तिसऱ्या दिवशी तेच. योगायोग रोज नऊ वाजता येऊ लागला म्हणजे त्याला दुसरे नाव शोधावे लागते.

मी काही अडाणी नाही, हे तुम्ही ताईला सांगालच. मी रीतसर एकेक कारण खोडायला बसलो. पेट्रोल गाळून घेतले. नळी उतरवून तोंडाने फुंकली (दोन दिवस भाकरीला पेट्रोलची चव). तरी बंद. मग तुम्हीच एकदा सांगितलेले आठवले, की या गाडीत पेट्रोल आपल्या वजनाने उतरते, आणि चढ फार असला की टाकी खाली आणि यंत्र वर अशी अवस्था होऊन ते पोचत नाही. अशा वेळी गाडी फिरवून उलटी चढवावी. चढवली. दाजी, घाट उलटा चढणे काय असते ते तुम्हाला मुंबईत बसून कळायचे नाही. आपण कुठे चाललो ते दिसत नाही, फक्त आलो ती वाट धुक्यात बुडताना दिसते. हैबतीची मान मागे, हात पुढे, तोंडाने बैलांना घालायच्या हाका. वाडीवस्तीवरच्या बाया पाण्याच्या वाटेवर उभ्या होत्या. भुताचे पाय उलटे असतात हे त्यांना लहानपणापासून ठाऊक, त्यांनी हंडे टाकले आणि एक ओरडली, “पळा गो, मोटार उलटी चाललीया!” आणि एवढे करून गाडी त्या दगडासमोर, उलट्या तोंडाने, बंद पडली. त्या दिवशी गाडीत कचेरीतले एक कारकून होते. भूतबीत सगळा अज्ञानाचा बाजार आहे, असे ते पोलादपुरापासून सांगत आले होते. म्हातारी आली तेव्हा खात्री करावी म्हणून ते तिचे पाय बघायला खाली वाकले. गवतात पाय दिसले नाहीत. मग त्यांना वर होता येईना. त्यांना तसेच, वाकलेल्या अवस्थेत, गाडीत ठेवून वर नेले.

दोन आठवड्यांत माझी निम्मी गिऱ्हाईके पायी जाऊ लागली. उरलेली निम्मी सुस्कारा ऐकायला म्हणून येत. हैबतीने तर नेमच धरला. गाडी सुरू झाली की देवाने सोडले म्हणून तो टाकीच्या झाकणाला शेंदराचा आणखी एक लेप द्यायचा. झाकण वाढत वाढत लहान गणपतीएवढे झाले.

मग एके दिवशी वळणावर ऊन होते. उन्हात म्हातारी दिसली ती नुसती म्हातारी. पायांना भेगा, चेहऱ्यावर देवीचे वण, मागे दोन शेळ्या. पाय सरळ. हैबतीला एकदम शौर्य आले. “तू कोन गो? रोज कोनाला बगतीस?” त्याने विचारले. ती म्हणाली, “मी सगुना, वरच्या वाडीची. माज्या पांडूला बगतंय.” गोष्ट एवढीच होती. त्या वळणावरून वरच्या वाडीची पायवाट फुटते. मोटारीचा आवाज घाटात कोसभर ऐकू जातो, आणि तो पायवाटेपाशी थांबला म्हणजे वाडीचे कोणीतरी मुंबईहून उतरले, असा तिचा हिशोब. आवाज थांबला की ती भाकरी फडक्यात बांधून खाली येते. पांडू तिचा एकुलता एक. चार वर्षांपूर्वी मुंबईला गेला, मोटारीच्या कामाला लागला म्हणून एक कार्ड आले, आणि गेली दोन वर्षे काहीच नाही. मी इतके दिवस एका आईला भूत समजत होतो, याची मला लाज वाटली. ती मी तिथे दाखवली नाही, इथे लिहितो.

पण तेवढ्यावर संपले असते तर हे पत्र एका कार्डावर मावले असते. आमचे बोलणे चालू असताना मी सवयीने झाकण फिरवले आणि टाकीने आपला सुस्कारा टाकला. सगुणाबाई शेळ्या सोडून गाडीशी आली, टाकीच्या पत्र्यावर तळवा ठेवला, जसा आजारी पोराच्या पाठीवर ठेवतात, आणि म्हणाली, “लाकडाची मोळी उतरली का असाच करायचा माजा पांडू. अगदी असाच.” कोणी हसले नाही. हसण्यासारखे होते, तरी नाही. त्या दिवसापासून ती तोंडे बघत नाही. सरळ टाकीशी येते, कान लावते, सुस्कारा ऐकते, “हाय, हाय” असे स्वतःशीच म्हणते आणि भाकरी बैठकीवर ठेवून निघून जाते. (नाचणीची असते. हैबती खातो. मी हात लावत नाही.) वाडीवरचे सांगतात की ती आता नीट जेवते, घर सारवते, पांडूच्या लग्नाचे बोलते. ती म्हातारी त्या एका सुस्काऱ्यावर जगते आहे, दाजी, आणि तो सुस्कारा माझ्या टाकीत आहे. माझ्यावर असली जबाबदारी आजवर कोणी टाकली नव्हती. तुम्ही तर मला ताईच्या लग्नात पाने मोजायलाही ठेवले नव्हते.

आता झाकणाचे. परवा आमच्या आबांच्या जुन्या किराणा दुकानात बसलो असताना एक पोरगी तेल न्यायला आली आणि मी नवा डबा फोडला. घाईत एकच भोक पाडले. तेल आले, थांबले, डबा गुरगुरला. वाण्याच्या घरात जन्मलो मी; डब्याला वारा घ्यायला दुसरे भोक लागते हे मला आईच्या दुधाबरोबर पाजलेले आहे. दुसरे भोक पाडले आणि धार लागली. आणि मी तेल सांडत तसाच उभा राहिलो. मोटारीच्या टाकीला दुसरे भोक कुठे? झाकणात. आणि झाकणात काय? दसऱ्यापासूनचा शेंदूर! वारा आत जायला वाव नाही, म्हणून पेट्रोल निघते, निघते आणि अडते. पोलादपूरला आम्ही डब्यातून पेट्रोल भरतो तेव्हा झाकण उघडते, वारा भरतो. तिथून घाटात जेवढे पेट्रोल जळते तेवढे जळाले की बरोबर त्याच दगडाशी टाकी कोंडते. सपाटीला पेट्रोल कमी लागते म्हणून महाडाच्या वाटेवर काही होत नाही. झाकण उघडले की कोंडलेली टाकी वारा ओढते, तो सुस्कारा; एव्हाना टाकी बरीच रिकामी झालेली असते, म्हणून तो वारा उरलेल्या घाटाला पुरतो. आणि हैबती सुटल्याचे उपकार म्हणून पुन्हा शेंदूर थापतो. हे सगळे मी एकट्याने शोधून काढले आहे, हे कारखान्यात चारचौघांत सांगितलेत तर माझी हरकत नाही.

हैबतीला समजावले. त्याने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाला, “मालक, समदं खरं हाय. पन शेंदूर खरवडायचा नाय.” एकदा लागलेला शेंदूर उतरवणे म्हणजे काय, हे तुम्हालाही माहीत आहे. म्हणून नवे झाकण. जुने आहे तसे कोनाड्यात बसवू, रोज फूल वाहू, आणि टाकी आपली मोकळी. तोवर मी उद्या पहाटे, हैबती यायच्या आत, बाभळीच्या काट्याने भोक हळूच मोकळे करणार आहे. देवाला काटा टोचणार नाही असे बघतो. सगुणाबाईला दोन गोड शब्द सांगून समजूत घालता येईल. येणाऱ्या मचव्याने झाकण यावे. ताईस नमस्कार, मुलांस अनेक उत्तम आशीर्वाद. आपल्या कृपेची वाट पाहणारा,

सदू

ता. क. पत्र पाकिटात घालायचे राहिले ते बरेच झाले. काट्याने भोक मोकळे केले. गाडी वळणावरून न थांबता निघून गेली, इतकी सुरेख की माझा ऊर भरून आला. मागे वळून पाहिले तर सगुणाबाई फडके छातीशी धरून दगडापाशी उभी. तिने हाक मारली नाही. चार पावले धावली आणि थांबली. दुसऱ्या दिवशी मी स्वतः वळणावर पेट्रोलचा कॉक बंद करून गाडी मारली, मुद्दाम, आणि झाकण उघडले. टाकी मोकळी, तेव्हा आवाज कुठून येणार? म्हातारीने कान लावला. बराच वेळ लावून ठेवला. मग म्हणाली, “आज गप हाय.” मी तिला डब्याचे, वाऱ्याचे, भोकाचे सगळे शास्त्र समजावून सांगितले. तिने मान डोलावली. भाकरी परत घेऊन गेली.

ता. क. दुसरा. वद्य १०. झाकणाची घाई नाही. दुसरेच काही विचारायचे आहे, आणि खरे सांगायचे तर पहिल्यापासून तेच विचारायचे होते, पण धीर होत नव्हता. सगुणाबाई तीन दिवस वळणावर आली नाही. चूल पेटवत नाही, आणि भटजींना विचारून आली की माणूस परगावी गेला असला तर त्याचे दिवस कसे घालतात. मी एक भोक काय मोकळे केले, माझ्या हाताने तिचा मुलगा गेला. त्यातच टाकी एका सांध्याला पाझरू लागली, म्हणून उतरवून महाडला तांबटाकडे डाग द्यायला नेली. तो म्हणाला, ज्या भांड्यात श्वास आहे त्याला मी विस्तव लावायचा नाही. (पेट्रोलची रिकामी टाकी विस्तवाशी नेली तर उडते, तेव्हा त्याचे म्हणणे भलत्या कारणाने बरोबर होते. आम्ही ती गळ्यापर्यंत पाण्याने भरली, मग तो तयार झाला.) डाग द्यायला बुडाचा काळा रंग घासला आणि खाली अक्षरे निघाली. खिळ्याने कोरलेली, वाकडीतिकडी, दुसऱ्या इयत्तेतल्या मुलासारखी: पांडू, वरची वाडी, महाल पोलादपूर. तांबट म्हणतो, ओरखडा ताजा आहे, आतला पत्रा अजून चमकतो, तीन-चार महिन्यांपलीकडचा नाही. वर रंगाचा एक घाईचा हात फिरवला आहे. म्हणजे दाजी, तुम्ही टाकी घेतलीत तेव्हा ती कुठे जाणार हे त्याला कळले होते. म्हणजे तो श्रावणात होता. ती तुम्हाला कोणी काढून दिली? गोणपाट कोणी शिवले? त्याला तोंड दाखवायला लाज वाटत असेल, नोकरी गेली असेल, काही केले असेल, काहीही असो. त्याला धरून आगबोटीत बसवा. म्हातारीला मी अजून काही बोललो नाही. आशा दाखवून पुन्हा काढून घेणे माझ्याच्याने होणार नाही.

ता. क. तिसरा. वद्य १२. आज सकाळी मी स्वतःच्या हाताने झाकणाच्या भोकात शेंदूर भरला. तेलात कालवून, हैबतीसारखाच, वर तीन लेप. शास्त्र गेले चुलीत. सगुणाबाईला वाडीवर निरोप धाडला की आज मोटार थांबेल. ती थांबली. त्याच दगडाशी, तशीच, बोलता बोलता डोळा लागावा तशी. धुके होते. म्हातारी आली, पत्र्यावर तळवा ठेवला, कान लावला. मी झाकण फिरवले. भोक बंद होते, गाडी कोंडून मेली होती, तेव्हा आवाज यायलाच हवा होता. मी तीनदा काडी घालून शेंदूर तपासला आहे, हैबतीने तपासला आहे. दाजी, काही आवाज आला नाही. एवढासाही नाही. सगुणाबाई उठली, भाकरीचे फडके माझ्या हातात दिले आणि म्हणाली, “तुमी खावा.” आता ती वाडीवर गेलेली नाही. आमच्याबरोबर मोटारीतून पोलादपूरला आली आणि पोस्टाच्या पायरीवर बसली आहे.

म्हणून, जे असेल ते मला कळवा. या आठवड्यात त्याचे काही झाले का, एवढेच बघा, आणि असेल तसे लिहा; पण कार्ड घालू नका. कुशाबा पोस्टमन पिशवीतून कार्ड काढतानाच मोठ्याने वाचतो, आणि पायरी त्याच्या पायाशीच आहे. बंद पाकीट लिहा. अशुभाच्या पत्राला ‘श्री’ नसतो, तेव्हा डोक्यावर तो घालता येत असेल तर ठळक घाला. घालता येत नसेल, तर वरची जागा कोरी सोडून तुमच्या नेहमीच्या अक्षरात लिहा, मी आत घेऊन उघडीन आणि तिला वाचून दाखवताना ‘श्री’पासून सुरुवात करीन.